काळा तारा, ग्रीनलंड आणि अमेरिका-युरोपची विस्कटलेली घडी

आर्हुसकर

नमस्कार मंडळी. डेन्मार्कात राहून नववं वर्ष चालू आहे. इथल्या राजकारणावर कधी लिहीन असं वाटलं नव्हतं, कारण लिहिण्यासारखं फारसं काही घडायचंच नाही.

मार्च २०२५ पासून इथल्या सॅलिंग ग्रुपच्या दुकानांत किमतीच्या पट्टीवर एक बारीक काळा तारा दिसायला लागला. तारा असला की माल युरोपीय मालकीच्या कंपनीचा. अमेरिकन माल विकणं बंद केलेलं नाही, ज्याला टाळायचा असेल त्याला टाळता यावा एवढीच सोय. परवा शनिवारी केचपच्या शेल्फपुढे एक आजी चष्मा कपाळावर सरकवून, नाक पट्टीला टेकवून तारा शोधत होत्या. मला म्हणाल्या, "तुझे डोळे तरुण आहेत, बघ बरं आहे का." होता. बाटली टोपलीत गेली. आजी सत्तरीच्या पुढच्या. म्हणजे लहानपणापासून 'अमेरिकेने आपल्याला वाचवलं' हेच ऐकत वाढलेल्या.

ग्रीनलंडची बातमी सगळ्यांनी वाचलीच असेल. जानेवारी २०२६ मध्ये डेन्मार्क आणि मित्रदेशांनी तिथे काही डझन सैनिक पाठवले, त्यावर ट्रम्प यांनी आठ युरोपीय देशांना १ फेब्रुवारीपासून १० टक्के जादा आयातशुल्काची धमकी दिली, आणि चारच दिवसांनी दावोसमध्ये नाटोचे सरचिटणीस मार्क रुट यांना भेटून ती मागे घेतली. इथल्या लोकांनी सुस्कारा सोडला, पण जेवताना विषय निघतोच.

गंमत अशी की अमेरिकेला तिथे लष्करीदृष्ट्या जे हवं ते बरंचसं आधीच हातात आहे. १९५१ च्या करारानुसार ग्रीनलंडमध्ये तळ चालवायची मुभा तिला आहेच. वायव्येला पिटुफिकचा तळ आहे, त्याचं जुनं नाव थुले. शीतयुद्धात तिथे हजारोंनी सैनिक होते, आता दीडदोनशे उरलेत. ते अमेरिकेने स्वतःच कमी केले, डेन्मार्कने हाकलले नाहीत. उलट त्या तळासाठी १९५३ मध्ये तिथल्या इनुइट कुटुंबांना घरं सोडून उत्तरेला कानाकला जावं लागलं. १९६८ मध्ये अण्वस्त्रं घेऊन उडणारं बी-५२ विमान तिथल्या बर्फावर कोसळलं, तेही या देशाने पोटात घातलं. आणखी एक: १९१७ मध्ये डेन्मार्कने कॅरिबियनमधली आपली बेटं अमेरिकेला २.५ कोटी डॉलरला विकली (आजची व्हर्जिन आयलंड्स). त्या व्यवहारातच अमेरिकेने लिहून दिलं होतं की सगळ्या ग्रीनलंडवर डेन्मार्कने हक्क वाढवायला आमची हरकत नाही. सातबारा इतका स्वच्छ आहे!

आता मुद्दा. अमेरिका आणि युरोप काही पहिल्यांदा भांडत नाहीत. १९५६ ला सुएझवरून भांडले, १९८२ ला सोव्हिएत गॅसच्या पाइपलाइनवरून (तेव्हा रेगन यांच्या निर्बंधांवर थॅचरबाईसुद्धा तडकल्या होत्या), २००३ ला इराकवरून. पण ती सगळी भांडणं तिसऱ्याच्या दारात झाली. हे पहिलं भांडण घरच्या जमिनीचं आहे, म्हणून मला ते वेगळ्या जातीचं वाटतं. नाटोच्या कलम ५ मध्ये 'एकावर हल्ला तो सगळ्यांवर' हे आहे, पण पुढे प्रत्येकाने 'आवश्यक वाटेल ती' मदत करायची असंही आहे. सैन्य पाठवायलाच हवं अशी सक्ती कुठेही नाही. म्हणजे ७५ वर्षं हा डोलारा कागदावर नव्हे, 'ते येतील' या समजुतीवर उभा होता. आता माझ्या ऑफिसात कुणी ते गृहीत धरत नाही.

जाणकारांनी भर घालावी. मी चुकत असेन तर तसंही सांगा.

खडकवासला_एक्सप्रेस

पहिला! चहा टाकून बसलो आहे. चालू द्या.

सडेतोड_सातारकर

आर्हुसकर, लेख आवडला, पण जरा एकतर्फी वाटला. ७५ वर्षं दुसऱ्याच्या जिवावर निवांत झोपायचं आणि दुसऱ्याने बिल पुढे केलं की काळे तारे चिकटवायचे, हे कसं? २०१४ मध्ये वेल्सच्या बैठकीत जीडीपीच्या २ टक्के संरक्षणावर खर्च करायचं ठरलं, तेव्हा ती अट पाळणारे देश होते तीन, त्यातली एक खुद्द अमेरिका. बाकी ब्रिटन आणि ग्रीस. ओबामांनी गोड बोलून सांगितलं, त्याआधीच्यांनी सांगितलं, कुणी ऐकलं नाही. ट्रम्प यांनी कान पिळला आणि जून २०२५ मध्ये हेगला सगळे २०३५ पर्यंत ५ टक्क्यांना 'हो' म्हणाले. एकटा स्पेन अडून बसला. रुटसाहेब तर त्यांना 'डॅडी' म्हणून मोकळे झाले.

सोसायटीत मेंटेनन्स न भरणाऱ्याला लिफ्टमध्ये शिरताना दोन शब्द ऐकावे लागतातच की.

आर्हुसकर

@सातारकर, पैशाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. इथलेही मान्य करतात. पण मेंटेनन्स थकला म्हणून चेअरमन तुमची बाल्कनी मागत नाही.

आणि डेन्मार्कने दुसऱ्या चलनात भरलं आहे. कलम ५ आजवर एकदाच लागू झालं, तेही अमेरिकेसाठी, ११ सप्टेंबरनंतर. अफगाणिस्तानात डेन्मार्कचे चाळीसहून जास्त सैनिक जिवाला मुकले. ६० लाखांचा देश आहे हा, लोकसंख्येने पुणे जिल्ह्यापेक्षाही लहान. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचा भाऊ तिथून परत आला, पण एका पायाने. जानेवारी २०२६ मध्ये ट्रम्प म्हणाले की अफगाणिस्तानात मित्रदेशांची पोरं आघाडीपासून जरा मागेच राहिली. त्या दिवशी तो सहकारी जेवायला आला नाही.

माजी_सिग्नलवाला

नोकरीत २६ वर्षं काढली, त्यामुळे भावनेपेक्षा सामानाची यादी बघायची सवय. युरोपकडे माणसं आहेत, रणगाडे आहेत, पैसाही आहे. नाही ते हे: उपग्रहांवरून मिळणारी खबर, हवेत इंधन भरणारी विमानं पुरेशा संख्येत, जड सामान वाहणारी मोठी विमानं, लांब पल्ल्याची मारक क्षमता, आणि हे सगळं एका धाग्यात ओवणारी कमांड. ती सगळी अमेरिकन. नाटोचा युरोपातला सर्वोच्च सेनापती १९५१ च्या आयझेनहॉवरपासून आजतागायत अमेरिकनच आहे. तो उठून गेला तर खुर्ची नाही, अख्खी कंट्रोल रूम रिकामी होते.

मार्च २०२५ आठवा. ओव्हल ऑफिसातल्या ट्रम्प-झेलेन्स्की तमाशानंतर अमेरिकेने युक्रेनला गुप्तवार्ता देणं साधारण आठवडाभर थांबवलं. तोफा तिथेच, गोळे तिथेच, नेम कशावर धरायचा ते कळेना. युरोपातल्या सेनामुख्यालयांनी युक्रेनपेक्षा स्वतःचाच विचार जास्त केला असणार त्या आठवड्यात.

अणुछत्राचंही तसंच. फ्रान्सकडे साधारण २९० अण्वस्त्रं, ब्रिटनकडे २२५ च्या आसपास. फ्रान्सची पूर्ण स्वतःची. ब्रिटनच्या पाणबुड्यांवर जी ट्रायडेंट क्षेपणास्त्रं बसतात ती मात्र अमेरिकेबरोबरच्या सामायिक साठ्यातली, देखभालीला जॉर्जियातल्या किंग्ज बे तळावर जातात. बटण लंडनचं, गॅरेज अमेरिकेत. मॅक्रों मार्च २०२५ पासून आपल्या छत्रीखाली इतरांना घेण्याची चर्चा करतायत, त्याच जुलैत ब्रिटनशी समन्वयाचा जाहीरनामाही झाला. पण रशियाकडे हजारोंनी आहेत. पुरेल का? फ्रेंचांचा सिद्धांत असा की बरोबरी करायची नाही, फक्त समोरच्याला न परवडण्याइतकं दुखवता आलं पाहिजे. हा सिद्धांत पॅरिससाठी पटतो. पॅरिसने टॅलिनसाठी तो वापरावा, हे एस्टोनियाच्या माणसाला पटेल का, ते तुम्हीच ठरवा.

बोरू_आणि_दौत

मी इतिहासवाला, मला एकच दिसतं: तैनाती फौज!

३१ डिसेंबर १८०२, वसईचा तह. हडपसरला होळकरांकडून मार खाऊन दुसरे बाजीराव इंग्रजांच्या आसऱ्याला गेले. सहा हजार कंपनी सरकारचं पायदळ कायम राज्यात ठेवायचं, त्याच्या खर्चाला २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, आणि परराष्ट्राशी बोलणं इंग्रजांना विचारल्याशिवाय नाही. फौज संरक्षणाला आली होती खरी, पण पुढे संरक्षण कुणापासून करायचं हाच प्रश्न पडला. जर्मनीत आज पस्तीसेक हजार अमेरिकन सैनिक आहेत. तिथला रामस्टाइनचा अमेरिकन हवाई तळ बघा आणि पुण्याची रेसिडेन्सी आठवा. युरोप-अमेरिका व्यापार करारातही तेच: जुलै २०२५ ला स्कॉटलंडच्या टर्नबेरीला १५ टक्के कर निमूट मान्य, वर तीन वर्षांत ७५० अब्ज डॉलरचं अमेरिकन तेल, गॅस, अणुइंधन घेण्याचं आश्वासन. हा २६ लाखांचा मुलूखच की!

केळकर_वाड्यातली

@बोरू_आणि_दौत, उपमा झणझणीत आहे, पण एका ठिकाणी फसते. बाजीरावाने तैनाती फौज परत पाठवायचं ठरवलं असतं तर काय झालं असतं? १८१७ ला प्रयत्न केला, खडकीला लढाई झाली, शनिवारवाड्यावर निशाण बदललं आणि श्रीमंत बिठूरला गेले.

आता फ्रान्स बघा. मार्च १९६६ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष दगॉल यांनी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सनना पत्र लिहिलं: तुमचे तळ, तुमची माणसं, नाटोचं मुख्यालय, सगळं हलवा. दीडएक वर्षात हललं. मुख्यालय पॅरिसहून ब्रसेल्सला गेलं. एक गोळी झाडली गेली नाही. फ्रान्स युतीत राहिला, फक्त लष्करी कमांडमधून बाहेर पडला, आणि २००९ मध्ये सारकोझींच्या काळात परतही आला. जिथून 'जा' म्हणता येतं ती तैनाती फौज नव्हे.

माझ्या मते खरी गोम सुएझमध्ये आहे. १९५६ ला अमेरिकेने पौंडाची नस दाबून ब्रिटन-फ्रान्सला इजिप्तमधून परत फिरवलं. एकाच थपडेतून दोघांनी दोन वेगळे धडे घेतले. ब्रिटन म्हणाला, यापुढे अमेरिकेला न विचारता काही करायचं नाही. फ्रान्स म्हणाला, यापुढे अमेरिकेवर विसंबायचं नाही, आणि १९६० मध्ये अणुस्फोट केला. जर्मनीने तेव्हा पहिला धडा गिरवला. आता सत्तर वर्षांनी ती वही खोडून दुसरा लिहायला घेतेय. फेब्रुवारी २०२५ ला निवडणूक जिंकल्या रात्री मेर्त्स अमेरिकेपासून स्वतंत्र होण्याची भाषा बोलले. अमेरिकेशी मैत्री ज्या पक्षाचं कुळाचारासारखं धोरण, त्या पक्षाचा हा माणूस. पुढच्याच महिन्यात घटना बदलून जीडीपीच्या १ टक्क्यावरचा संरक्षण खर्च कर्जमर्यादेतून मोकळा केला. जर्मन माणूस कर्ज काढायला निघाला, यावरून ओळखा.

बोरू_आणि_दौत

@वाड्यातली ताई, खडकीचा दाखला देऊन माझीच तोफ माझ्यावर फिरवलीत. दंडवत. 🙏
पण टर्नबेरीचं उत्तर बाकी आहे.

श्टुटगार्टचा_पम्या

टर्नबेरीचं उत्तर मी देतो, माझ्या पोटावर आहे ते. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत आहे, मूळचा चिंचवडचा.

आधी अमेरिकेत युरोपीय कारवर २.५ टक्के जकात होती, युरोपात अमेरिकन कारवर १०. हे विसरायचं नाही, त्यांची तक्रार अगदीच खोटी नव्हती. एप्रिल २०२५ मध्ये त्यावर २५ चढले, झाले २७.५. मग २७ जुलैला स्कॉटलंडमध्ये ट्रम्प यांच्याच गोल्फ मैदानावर १५ ठरले. आमच्याकडे त्या दिवशी 'वाचलो' आणि 'लुटलो' दोन्ही एकदम ऐकू आलं. पोलाद आणि ॲल्युमिनियमवर ५० तसेच राहिले, आणि ते फक्त पत्र्यावर नाही, पोलाद पोटात असलेल्या कितीतरी वस्तूंवर. त्यामुळे एका मशीनमध्ये पोलाद किती किलो आणि ते कुठे वितळवलं, याचे तक्ते भरायला आमच्याकडे माणूस बसवावा लागला. जानेवारी २०२६ मध्ये ग्रीनलंडचं निघालं तेव्हा युरोपीय संसदेने या कराराचं काम थांबवून ठेवलं. एक्सेल पुन्हा उघडलं.

ट्रम्प गेले की हे जाईल असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी कोंबड्यांची गोष्ट सांगतो. १९६० च्या सुमारास अमेरिकेतून स्वस्त ब्रॉयलर जर्मनीत यायला लागले, स्थानिक पोल्ट्रीवाले बोंबलले, युरोपीय बाजाराने जकात वाढवली. जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये उलट २५ टक्के लावले: ब्रँडी, बटाट्याचं स्टार्च, डेक्स्ट्रीन आणि हलके ट्रक. ट्रक का? फोक्सवॅगनच्या व्हॅन. बाकीच्या तीन वस्तूंवरचा कर कधीच गेला. ट्रकवरचा आजही आहे! बासष्ट वर्षं. त्याच्या आडोशाने अमेरिकेतल्या पिकअपचा धंदा फोफावला, मग तो कोण काढणार?

त्यातही कहर म्हणजे फोर्ड, अमेरिकेचीच कंपनी, तुर्कस्तानातून व्हॅन आणताना मागे सीट आणि खिडक्या लावून 'प्रवासी गाडी' म्हणून आणायची, २.५ टक्के भरायची आणि बंदरातून बाहेर काढल्यावर सीट उपटून काढायची. कोर्टात हरली, २०२४ मध्ये ३६.५ कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. लावलेला कर कोंबडीसारखा पटकन मरत नाही, हे ध्यानात असू द्या.

खडकवासला_एक्सप्रेस

सीट उपटायची 😂😂 हे तर आपल्या आरटीओच्या पासिंगपुरते रिफ्लेक्टर लावण्यासारखं झालं.

न्यूजर्सीची_सून

इकडची बाजू कुणीच मांडत नाहीये म्हणून लिहिते. एडिसनमध्ये सतरा वर्षं. इथे रस्त्यावरच्या माणसाला ग्रीनलंडचं घेणंदेणं नाही आणि युरोपचा रागही नाही. विषयच नाही तो. अंडी किती महाग झाली हा विषय.

'आपण त्यांच्यासाठी का खर्च करायचा' हे ट्रम्प यांनी शोधून काढलेलं नाही. १९७१ मध्ये सिनेटर मॅन्सफिल्ड यांनी युरोपातलं सैन्य निम्मं करायचा ठराव आणला होता, तो पडला. ते डेमोक्रॅट होते, त्यांच्याच पक्षाचे सिनेटमधले नेते! उलट आज काँग्रेसने राष्ट्राध्यक्षांना दोन्ही बाजूंनी बांधून ठेवलंय. सिनेटच्या दोन तृतीयांश मतांशिवाय किंवा काँग्रेसच्या कायद्याशिवाय नाटोतून बाहेर पडता येणार नाही, हे २०२३ च्या अखेरीस झालं. डिसेंबर २०२५ च्या संरक्षण कायद्यात युरोपातलं सैन्य ७६ हजारांच्या खाली ४५ दिवसांपेक्षा जास्त काळ न्यायला आडकाठी घातली. रिपब्लिकन मतांसह.

पण आर्हुसकर म्हणतात ते कुठेतरी पटतं. बाहेर न पडता, सैन्य न हलवता, नुसतं 'बघू' म्हटलं तरी काम भागतं. त्याला कुठला कायदा अडवणार?

सडेतोड_सातारकर

@सून, तुमचा मुद्दा भारी. पण मग म्युनिकच्या सुरक्षा परिषदेचं काय? फेब्रुवारी २०२५ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स तिथे जाऊन सांगून आले की युरोपला खरा धोका रशिया-चीनचा नाही, आतला आहे. रोमानियाने निवडणूक रद्द केली त्याचा दाखला दिला. आणि डिसेंबर २०२५ च्या अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा धोरणात तर युरोपीय संस्कृतीच पुसली जाण्याची चिंता लिहून ठेवली. मला त्यातलं स्थलांतराचं थोडं पटतंही. पण हे मित्राच्या संरक्षणाचं धोरण की मित्राच्या निवडणुकीचं, असा प्रश्न मलासुद्धा पडला. इथे मी आर्हुसकरांच्या अर्धा पाऊल जवळ आलो, नोंद घ्यावी.



कंसात_अर्धविराम

सगळे तोफा आणि गाड्यांवर बोलताय. माझ्या मते खरी नस डेटाची आहे. (आयटी, बाणेर, क्लायंट फ्रँकफर्टचा.)

युरोपीय माणसाचा डेटा अमेरिकेत नेण्याचा करार २०१५ मध्ये युरोपीय न्यायालयाने रद्द केला, नवा केला तो २०२० मध्ये रद्द केला, आता २०२३ चा तिसरा चालू आहे. प्रत्येक वेळी आमच्या टीमने सगळी कागदपत्रं नव्याने लिहिली. पहिल्या दोन वेळी क्लायंट विचारायचा, 'नियमात बसतंय ना?' आता विचारतो, 'उद्या त्यांनी बंद केलं तर?' हा प्रश्न वकिलाचा नाही, वॉचमनचा आहे.

जर्मनीचं श्लेस्विग-होल्स्टाइन राज्य तीसेक हजार सरकारी कॉम्प्युटरवरून मायक्रोसॉफ्ट काढून लिब्रेऑफिस आणतंय. डेन्मार्कच्या डिजिटल मंत्रालयानेही २०२५ मध्ये तेच ठरवलं. डिसेंबर २०२५ मध्ये युरोपने एक्सला (जुनं ट्विटर) १२ कोटी युरोंचा दंड ठोकला, तर त्याच महिन्यात अमेरिकेने माजी युरोपीय आयुक्त थिएरी ब्रेतों यांना प्रवेशबंदी केली. दंडाला उत्तर व्हिसाने. हे नवीन आहे.

निफाडचा_द्राक्षवाला

लई मोठं मोठं चाललंय, वाचतोय. आमच्या अनुभवाचं सांगतो.

युरोपवाले अमेरिकेचं हार्मोनचं गोमांस घेत नाहीत, क्लोरीनमध्ये धुतलेली कोंबडी १९९७ पासून घेत नाहीत. अमेरिका म्हणते, हे आरोग्य नाही, व्यापार अडवायचा बहाणा आहे. आम्हाला विचाराल तर दोन्ही खरं. २०१० ला लिहोसीन या फवारणीच्या औषधाच्या अंशावरून आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपच्या बंदरात अडकले. आमच्या चुलत्यांचा एक त्यात होता. त्याआधी त्या औषधाची तपासणी कुणी सांगितली नव्हती. चुलते दोन हंगाम कर्जात गेले. पण त्यानंतर आमच्या गावात फवारणीची वही ठेवल्याशिवाय कुणी बाग छाटत नाही, हेबी खरं.

म्हणून सांगतो, युरोप तोफेत कच्चा असंल, नियमात नाही. त्यांचं हत्यार ते आहे. अमेरिकेला ते टोचतंय म्हणूनच बोंब आहे.

श्टुटगार्टचा_पम्या

@द्राक्षवाला दादा, एक नंबर. आणि बघा, २००७ ला सुरू होऊन २०१३ ला बसलेली भारत-युरोप करारबोलणी २०२२ ला उठली आणि २७ जानेवारी २०२६ ला दिल्लीत पूर्ण झाली. ऑगस्ट २०२५ पासून आपल्या बऱ्याच मालावर अमेरिकेचे ५० टक्के होते, युरोपवर १५ आणि वर धमक्या. दोघांनाही दुसरं गिऱ्हाईक हवंच होतं. तेव्हा सह्या आणि मंजुऱ्या बाकी होत्या, पण चाकणच्या मित्रांचे फोन सुरू झालेत.

माजी_सिग्नलवाला

आर्हुसकर, एक चौकशी. डेन्मार्कने एवढं होऊनही ऑक्टोबर २०२५ मध्ये आणखी १६ एफ-३५ लढाऊ विमानं घ्यायचं ठरवलं ना? सुटे भाग, सॉफ्टवेअर सगळं अमेरिकेचं. तुमच्या आजी केचप टाळतात आणि सरकार विमानं घेतं?

आर्हुसकर

@सिग्नलवाला काका, पकडलंत. २७ आधीची, त्यात या १६. सरकारचं म्हणणं असं की वैमानिक, हँगर, प्रशिक्षण सगळं त्याच विमानाभोवती उभं आहे, आता दुसरं आणलं तर दहा वर्षं जातील. पण त्याच्याच महिनाभर आधी मोठ्या हवाई संरक्षणासाठी अमेरिकेचं पॅट्रियट सोडून फ्रेंच-इटालियन यंत्रणा निवडली. म्हणजे जिथे आधीच अडकलोय तिथे राहायचं, जिथे नवी पाटी आहे तिथे दुसरं नाव लिहायचं. बाकीचे देशही मला तेच करताना दिसतात. अमेरिकेला सोडायचं कुणीच म्हणत नाही. पण पुढची खरेदी करताना आता हात थबकतो.

सर्वांचे आभार, धागा लिहिताना एवढी अपेक्षा नव्हती. बोरूंची तैनाती फौज ऑफिसात सांगितली, सहकाऱ्याने 'बाजीराव' हे नाव तीनदा म्हणून बघितलं.

खडकवासला_एक्सप्रेस

आर्हुसकर, शेवटचं एक. कोकवर तारा असतो का?

आर्हुसकर

नसतो, कंपनी अमेरिकन. पण इथला कोक कार्ल्सबर्ग ही डॅनिश बीअर कंपनी भरते, फ्रेडेरिसियाच्या कारखान्यात, डॅनिश कामगारांच्या हातून. २०२५ मध्ये त्यांच्या सीईओंनी सांगितलं की इथे कोकचा खप थोडा उतरलाय. मी शनिवारी आजींना हे सांगितलं. त्या बाटली हातात धरून मिनिटभर उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "मग तर दूधच घेते."